दुतोंड्याला पाणी कुठवर? अवघड दिवशी श्रद्धेचा आधार कसा घ्यावा

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये फोनवर एकच प्रश्न फिरतो: "दुतोंड्याला पाणी कुठवर आलंय?" रामकुंडाजवळ गोदाघाटावर उभा असलेला दोन तोंडांचा मारुती ही आमची पूर मोजायची पट्टी. विसर्ग किती हजार क्युसेक ते धरणवाल्यांना ठाऊक. आम्हाला घोटा, गुडघा, कंबर, गळा एवढंच कळतं. पाणी गळ्याकडे सरकायला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर उचलायला घेतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर अख्खा मारुतीच पाण्याखाली गेला होता.

गेली काही वर्षं मी हा प्रश्न रोज सकाळी स्वतःला विचारते.

निमाणीजवळ माझं झेरॉक्सचं लहानसं दुकान आहे. २०१८ च्या आषाढात आई गेली. दहावा-तेरावा होईपर्यंत मी ठणठणीत होते, पाहुण्यांना चहा देत होते. मग भाद्रपदात एके दिवशी दुकानाचं शटर अर्धं उचललं आणि पुढे हातच चालेना. त्यानंतर असे दिवस येतच राहिले. आठ महिने डॉक्टरांची औषधं घेतली, त्यांचा उपयोग झाला. पण औषध आणि रात्र यांच्यामध्ये जो दिवस उरतो, तो काढायला मला देवाचा उपयोग झाला. कसा, ते खाली लिहिलंय. मी कीर्तनकार नाही आणि माझी भक्तीही काही फार मोठी नाही. चुका करत करत बसलेली ही घडी आहे.

आधी पाणी मोजा

घोट्याला पाणी म्हणजे उदास वाटतंय, पण भाजी आणता येते, गिऱ्हाइकाशी बोलता येतं. अशा दिवशी नेहमीची पूजा जी काय असेल ती करा आणि कामाला लागा. मन उकरत बसू नका.

गुडघ्याला पाणी म्हणजे कुणी नुसतं "काय म्हणता ताई?" विचारलं तरी डोळे भरतात. कमरेला पाणी म्हणजे अंघोळ, जेवण किंवा फोन उचलणं, यातलं काहीतरी सुटलेलं असतं. हा लेख मुख्यतः गुडघा ते कंबर या दिवसांसाठी आहे.

गळ्याला आलं तर आधी माणूस गाठायचा, मग देव. आणि डोक्यावरून गेलं, म्हणजे जगणं नको, स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात यायला लागलं, तर माळ घेऊन एकटं खोलीत बसू नका. घरातल्या कुणाला तरी हाक मारा, शेजारचं दार वाजवा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जीवावर बेतलं असेल तर ११२. हे नंबर मोबाइलमध्ये आजच, धड असताना, टाकून ठेवा.

रोजची पातळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत लिहिते. 'घो', 'गु', 'कं'. पेन्सिलीने, म्हणजे घरात कुणी विचारत बसत नाही. वर्षभराने पानं उलटून पाहिली तेव्हा कळलं की माझे 'कं' आषाढात आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गोळा होतात. फराळ आईचा असायचा ना. ते कळल्यापासून त्या आठवड्यात मी मोठं काम अंगावर घेत नाही. सलग दोन आठवडे 'गु' किंवा 'कं' दिसले तर डॉक्टर. त्यात श्रद्धेचा अपमान नाही.

हात आधी, मन मागून येईल

आपल्याकडे सगळे सांगतात, मन लावून कर. मला हा सल्ला अवघड दिवशी अगदी निरुपयोगी वाटतो. मन लागत असतं तर दिवस अवघड कशाला झाला असता? त्या दिवशी मनाला विचारूच नका. हाताला काम द्या.

माझं काम म्हणजे निरांजन लावणं. एवढंच. पूजा नाही, नैवेद्य नाही, देव्हारा पुसणंही नाही. देव्हाऱ्याखालच्या खणात एक स्टीलचा डबा असतो. त्यात पंधरा-वीस फुलवाती, तुपाची छोटी बाटली, काडेपेटी, आईची तुळशीची माळ आणि एक वही. कमरेला पाणी असलेल्या दिवशी 'वाती संपल्यात' हे कारण पुरेसं होतं, म्हणून सगळं एकत्र. वाती चांगल्या दिवशी वळायच्या. टीव्ही बघता बघता होतात.

गेल्या श्रावणातली गोष्ट. पाऊस, भिंतींना ओल, काडी ओढली तर गुल नुसता चुरडला. दुसरी ओढली, तीही तशीच. चौथ्या काडीला मला रडू फुटलं, आणि ते रडणं आईसाठी होतं की काडीसाठी, मला अजून सांगता येणार नाही. शेवटी गॅसच्या शेगडीवर उदबत्ती पेटवून तिच्याने वात लावली. तूप थिजलेलं, वात आधी काळी पडली, मग धरली. मी तिथेच फरशीवर बसून राहिले. डोक्यात कुठलाही श्लोक नव्हता. फुलवात जळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी दुसरं काही करत नव्हते, आणि त्या दिवशी तेवढं पुरलं.

तुमचं काम वेगळं असेल. तुळशीला तांब्याभर पाणी, मारुतीला तेल, मेणबत्ती, वजू करून नमाज. पण ते असं निवडा की पाच मिनिटांत होईल, डोळ्यांत पाणी असताना होईल आणि त्यासाठी बाजारात जावं लागणार नाही. एकदा निवडलं की बदलू नका. 'आज काय करू' हा विचारही त्या दिवशी जड असतो.

हातानंतर आवाज

निमाणीपासून फार दूर नाही टाकळी. नासर्डी जिथे गोदावरीला मिळते तिथे समर्थ रामदासांनी १२ वर्षं तप केलं असं परंपरा सांगते. लग्नाच्या बोहल्यावरून पळालेला १२ वर्षांचा मुलगा, नदीच्या पाण्यात उभं राहून 'श्रीराम जय राम जय जय राम' म्हणत होता. अक्षरं १३ आणि जपाची संख्या १३ कोटी. मी झेरॉक्सवाली, त्यामुळे पानांचा हिशोब करतात तसा मी त्याचा हिशोब केला: दिवसाला तीस हजारांच्या आसपास होतात. म्हणजे पावणेतीनशे माळा.

आपल्याला एकच माळ करायची आहे. १०८ वेळा, सावकाश म्हटलं तर सहा-सात मिनिटं.

यात एक बारीक खुबी आहे. मंत्र मनात म्हणू नका, निदान ओठ हलतील इतका तरी आवाज करा. मनातल्या मनात म्हटलं की दोन मण्यांच्या मध्ये ती कालची गोष्ट हळूच शिरते. आवाजात म्हटलं की श्वास त्याच्या मागे ओढला जातो. एक श्वास आत, मग सोडताना सावकाश दोनदा मंत्र, पुन्हा श्वास. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे ओम' हा मंत्र, दोन्ही तपासले, तेव्हा म्हणणाऱ्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरलेला दिसला, आणि हृदयाच्या लयीवरही त्याचा चांगला परिणाम होता. आपल्या आज्यांना हे आकडे माहीत नव्हते, पण घरात वाईट बातमी आली की त्या पहिली माळ का घ्यायच्या हे आता मला समजतं.

मोजणी चुकली तर चुकू द्या. मध्येच रडू आलं तर थांबा, नाक पुसा, त्याच मण्यापासून पुढे. दुकानात असेन तर मी बोटांच्या पेरांवर मोजते. चार बोटांची बारा पेरं, नऊ फेऱ्या झाल्या की एकशे आठ. मशीनचा आवाज चालू असतो, ओठ हललेले कुणाला दिसत नाहीत. कॉलेजच्या एका पोराने मात्र एकदा पकडलं. "काकू, पानं मोजताय का?" म्हटलं, हो बाबा, मोजतेय.

ज्यांना रामरक्षा किंवा हरिपाठ पाठ आहे त्यांनी तोच म्हणावा. पण नवीन स्तोत्र पाठ करण्याची सुरुवात वाईट दिवशी करू नये. शब्द अडखळतात आणि आपण हेही धड करत नाही असं वाटून पाणी आणखी दोन बोटं चढतं.

भांडायचं असेल तर भांडा

हे कुणी सांगत नाही म्हणून मी जरा सविस्तर सांगते. आई गेल्यावर जवळजवळ वर्षभर मला देवाचा राग होता, आणि त्या रागाची मला लाज वाटायची. नात्यातल्या एका बाईंनी तर तोंडावर सांगितलं, "श्रद्धा कमी पडली तुझी, नाहीतर मन एवढं खचतं का?" ते वाक्य पचायला मला औषधापेक्षा जास्त दिवस लागले.

पुढे टाकळीला मठात बसले असताना कुणीतरी करुणाष्टकं म्हणत होतं. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं की हे स्तुतिस्तोत्र नाहीच. माणूस देवापुढे आपण किती तापलोय, किती एकटे पडलोय, तू येत का नाहीस, हे सांगतोय. जनाबाई तर विठ्ठलाला सरळ शिव्या घालते. आपल्या परंपरेत देवाशी भांडणं हे भक्तीच्या बाहेरचं कधीच नव्हतं. ते बाहेर ढकललं ते बहुधा आपण शहाण्यांनी.

तर डब्यातली वही काढा. एका पानावर जे झालंय ते लिहा, जसं घडलं तसं. 'मन उदास आहे' असं लिहू नका. 'शेवटच्या रात्री आईने पाणी मागितलं आणि नर्सने नाही म्हटलं म्हणून मी दिलं नाही' असं लिहा. त्याखाली देवाला जे विचारायचंय ते. 'का' विचारू नये असं म्हणतात, मी विचारते. शेवटी एकच मागणं, तेही आजच्यापुरतं. मला आयुष्यभराची शांती दे असं मागितलं की दिली की नाही हे कळायला मार्ग नसतो. 'आज दोन घास जेवू दे', 'संध्याकाळी भावाचा फोन आला तर उचलता येऊ दे', हे रात्री तपासता येतं. मी शेजारी बरोबरची खूण करते, झालं तर. झालं नाही तर जागा कोरी.

लिहिण्याचं हे बळ काही नवीन नाही. पांडवलेणीत, म्हणजे त्रिरश्मी लेण्यांत, तीन नंबरच्या लेण्यात एका आईचा शिलालेख आहे. गौतमी बलश्री, गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातवाच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने हे लेणं भिक्खूंना दान दिलं आणि भिंतीवर मुलाबद्दल ओळीमागून ओळी कोरून घेतल्या. तो कुठल्या कुठल्या देशांचा राजा होता, शत्रूंशी कसा होता, हे सगळं आहेच. पण त्या भल्यामोठ्या यादीत मध्येच येतं की तो आईच्या सेवेत कधी खंड न पाडणारा होता. इतिहासाचे लोक त्या लेखातून सातवाहनांचं राज्य कुठवर होतं ते काढतात. मी त्या भिंतीसमोर उभी राहिले तेव्हा मला दुसरंच काही दिसलं.

घराबाहेर

गुडघ्यापर्यंतच्या दिवशी बाहेर पडता येतं, आणि पडावं. कमरेच्या दिवशी कुणी सोबत असेल तरच.

नाशिककर गोदावरीला जाऊन येतो असं म्हणत नाहीत, 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतात. रामकुंडावर सकाळी लवकर जा, उजाडताना. बुधवारी गंगेवर बाजार भरतो, तेव्हा शांतता शोधू नका. श्रावणी सोमवार आणि सुट्टीचे दिवसही टाळा. तिथे जाऊन फार काही करायचं नाही. पायरीवर बसायचं. रामाने दशरथाचं श्राद्ध इथेच केलं अशी श्रद्धा आहे, शेजारीच अस्थिविलय तीर्थ, त्यामुळे कुठून कुठून माणसं हातात मडकं घेऊन आलेली असतात. नुकतंच मुंडन झालेला पंचविशीतला मुलगा, टॉवेल खांद्यावर, गुरुजी सांगतील तसं उजवं-डावं करतोय, आणि त्याची आत्या मागून सांगतेय, "अरे सावकाश, घसरशील." आपलं दुःख त्याने कमी होत नाही. पण ते घेऊन बसायला ही जागा चुकीची नाही, एवढं वाटतं. घरी मात्र सारखं वाटत असतं की आपण चारचौघांच्या मध्ये भलतंच काहीतरी घेऊन बसलोय.

गर्दी असेल तर गाभाऱ्यापर्यंत जाण्याचा हट्ट नको, कळसाला हात जोडले तरी चालतं. त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटरवर आहे, पण अवघड दिवशी मी तिथली रांग कुणाला सुचवणार नाही. निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी, वारीचे दिवस सोडून, बसता येतं. टाकळीला गोमय मारुतीपाशी त्याहून निवांत. नाशिकरोडला बाळयेशूचं देऊळ आहे, फेब्रुवारीतली यात्रा सोडली तर बाकांवर कुणीही कितीही वेळ बसावं. जुन्या नाशकात बडी दर्गा आहे, तिथे गुरुवारी सगळ्या धर्मांच्या बायका भेटतील.

माझी एक बौद्ध मैत्रीण आहे. तिला मी एका वाईट दिवशी फार आग्रह केला होता, काळारामाला चल, बरं वाटेल. ती म्हणाली, "१९३० ला माझे पणजोबा त्याच दाराबाहेर बसले होते. मला तिथे शांत कसं वाटेल गं?" २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशासाठी सुरू केलेला तो सत्याग्रह पुढे पाच वर्षं चालला आणि दार काही उघडलं नाही. हे मला शाळेपासून माहीत होतं, पण आग्रह करताना आठवलं नाही. ती त्रिरश्मीच्या पायथ्याच्या विहारात जाते, त्रिसरण-पंचशील म्हणते. एकदा तिच्याबरोबर मीही बसले. तेव्हापासून कुणालाही स्वतःचा देव सुचवण्याआधी मी विचारते, तुला कुठे बसायला आवडतं?

तुमचा नंदी ठरवून ठेवा

रामकुंडावरून पायऱ्या चढून गेलं की कपालेश्वर. या महादेवापुढे नंदी नाही. कथा अशी की शंकराला ब्रह्महत्येचं पातक लागलं होतं आणि ते कुठेच फिटेना. तेव्हा एका गोऱ्ह्याने त्याला वाट दाखवली: रामकुंडात स्नान कर. तो गोऱ्हा म्हणजे नंदी. शंकराने त्याला गुरू मानलं आणि म्हटलं, आता माझ्यासमोर खाली बसू नकोस.

महादेवालासुद्धा कुणीतरी सांगावं लागलं, असं मी या गोष्टीतून घेते. शास्त्रीबुवा वेगळा अर्थ सांगतील.

तेव्हा चांगल्या दिवशी एका माणसाला विचारून ठेवा, "माझं कधी बिनसलं तर तुला मेसेज करू का?" वयाने मोठं, फार धार्मिक, शहाणं असायची गरज नाही. ऐकून झाल्यावर लगेच उपाय न सांगणारं हवं. माझा नंदी म्हणजे धाकटी नणंद. मी तिला फक्त 'कंबर' एवढा एक शब्द पाठवते. ती संध्याकाळी येते, पोळ्या लाटते, टीव्हीवरच्या सुनांना नावं ठेवते आणि जाते. देवाचं नावही काढत नाही. आणि तुम्ही कुणाचे नंदी असाल तर 'सगळं चांगल्यासाठीच होतं' हे वाक्य तुमच्याकडेच ठेवा.

त्या दिवशी काय करू नये

नवस बोलू नका. भीतीत बोललेला नवस नंतर कर्जासारखा मानेवर बसतो. कडक उपास नको. रिकाम्या पोटी मन आणखी खाली जातं. खिचडी खा, पण खा. औषध बंद कर, मी बघतो, असं सांगणाऱ्या कुठल्याही महाराजाकडे पुन्हा जाऊ नका.

आणि शांतीपूजेचे पैसे त्या दिवशी ठरवू नका. माझ्याकडून ही चूक झाली आहे. २०१९ मध्ये एकाने पत्रिका बघून दोष काढला, आईचा आत्मा अडकलाय म्हणाला, एकवीस हजार. मी त्याच संध्याकाळी गल्ल्यातले आणि बहिणीकडचे मिळून दिले. पूजा झाली, आठ दिवस हलकं वाटलं, नवव्या दिवशी पुन्हा 'कं', वर बहिणीचे पैसे फेडायचे. विधी करू नयेत असं मी म्हणत नाही. आईचं वर्षश्राद्ध मी करते आणि मला त्याने बरं वाटतं. फक्त घरात एक नियम आहे: हजाराच्या वरचा कुठलाही धर्मखर्च पंधरा दिवसांनी, 'घो' लिहिलेल्या सकाळी ठरवायचा.

दिवेलागणीनंतर

संध्याकाळ ही या दिवसांची सगळ्यात उतरती वेळ. दिवा लावायच्या वेळी शक्यतो घरात किंवा माणसांत असा. मी शटर ओढून येते, पाय धुते, सकाळची वात बदलते, वहीतलं मागणं बघते. खूण करता आली तर करते. झोपताना मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि माळ उशाशी; झोप लागत नसेल तर पुन्हा एक, न मोजता.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलेलं असेलच असं नाही. पुन्हा मोजायचं आणि पुन्हा डबा उघडायचा. उतरलं असेल त्या दिवशी मात्र डब्यात काय संपलंय ते बघून भरून ठेवा. वाती, तूप, वहीसाठी पेन. काडेपेट्या दोन ठेवा, त्याही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. नाशिकच्या पावसात एक तरी सादळतेच.